ओटीचोर

"काका, ही बाई ओळखीची वाटते का बघा. आणि आधी तो फोन खाली ठेवा."

मुजावर मॅडम अशा कधी बोलायच्या नाहीत. मिरजेची पोरगी, अठ्ठावीस-तीस वर्षांची, पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून आमच्या हिरडेवाडी धरणावर आलेली. चार महिन्यांत तिनं मला कधी हुकूम सोडला नव्हता. मी फोन ठेवला. तसाही पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

केबिनच्या कोपऱ्यात तिचं यंत्र होतं. गोदरेजच्या कपाटाएवढा लोखंडी डबा आणि वर जुन्या टीव्हीसारखा पडदा. धरणाखाली, रस्त्यानं चार किलोमीटरवर, आमच्या बेलेवळण गावाचा फरशी पूल आहे. नदीच्या पात्रातून जाणारा, कंबरभर उंचीचा, कठडे नसलेला. त्याच्या काठच्या खांबावर मॅडमनी काचेचं भिंग बसवलं होतं. पडद्यावर तोच पूल दिसायचा, पण आत्ताचा नाही. अकरा मिनिटांनंतरचा.

कसा, ते तिनं मला तीनदा समजावलं. पाण्यावरून परतणाऱ्या उजेडात थोडा पुढच्या वेळेचा उजेड असतो, असं काहीतरी. मला तिन्ही वेळा कळलं नाही. पण मी घड्याळ लावून बघितलं होतं. पडद्यावर म्हैस पुलावर बसकण मारायची आणि अकरा मिनिटांनी दुर्बीण लावावी तर तीच म्हैस, त्याच जागी, मागं तसाच कपाळाला हात लावलेला मालक. चित्र काळंपांढरं, आवाज नाही, मधूनमधून फाटायचं, पण एकदाही खोटं निघालं नव्हतं.

मी पडद्याकडं बघितलं. पुलावर तीस-चाळीस बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या हातात ताटं. आणि अगदी मध्यावर, डावा खांदा जरा खाली पडलेला, एक हात कंबरेवर, रुंद काठाची साडी. एकोणीस वर्षांचा संसार असल्यावर तोंड दिसावं लागत नाही.

"आमच्या घरातली आहे," मी म्हटलं.

"कलाकाकू?"

मी उत्तर द्यायच्या आत चित्र फाटलं. नुसत्या रेघा. दोन मिनिटं तसंच. मग चित्र जुळलं तेव्हा पूल नव्हता. काठोकाठ गढूळ पाणी, झाडांच्या फांद्या, फेस. बायका नव्हत्या. आणि फेसातून एक रुंद काठाची साडी, पूर्ण उलगडलेली, सरळ वाहत गेली.

घड्याळात एक वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी दुर्बीण उचलली. आत्ताचा पूल रिकामा होता. गावात चिटपाखरू नव्हतं.

"मॅडम, मधलं काय झालं? त्या रेघांच्या मागं?"

"मला दिसलं तेवढंच तुम्हाला दिसलं, काका."

त्या दिवसाचा वैताग आधीच सकाळपासून चढत होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ऑगस्टचा तिसरा रविवार. धरण भरलेलं. जलपूजनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यांनी कळ दाबायची, भोंगा वाजायचा, दहा मिनिटांनी दरवाजे उघडायचे, फोटो निघायचे. पाहुण्यांची वेळ दहाची. एक वाजला तरी पत्ता नाही आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळतोय. मी तासातासाला सांगत होतो, पातळी खुणेच्या वर गेली, दरवाजे उचलू या. आमचे पोतनीस साहेब तासातासाला सांगत होते, पाहुणे निघालेत.

बरं, आमच्या धरणाला चार दरवाजे. तीन मोटरवरचे, ते माझ्या ताब्यात. चौथा जुन्या काळचा, आपोआप उघडणारा. पाणी खुणेला लागलं की त्याच्याच भारानं तो हळूहळू वर होतो. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि साहेबांना नडत होता तो हाच. पाहुण्यांनी कळ दाबायच्या आत तो उघडला तर शोभा जाणार. म्हणून आदल्या दिवशी त्याला सागवानी ओंडक्यांची पाचर मारून ठेवली होती. मी म्हटलं, साहेब, हा दरवाजा अडवायचा नसतो. ते म्हणाले, खुस्पे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

मी केबिनमधून पळत मांडवात गेलो. पोतनीस साहेब शाली मोजत उभे होते.

"साहेब, पाचर तुटणार. फरशी पुलावर एकदम लोंढा येणार, एक बत्तीसला. पुलावर बायका असणार आहेत."

"कुणी सांगितलं?"

"मॅडमच्या यंत्रात दिसलं."

"खुस्पे," साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "त्या बाई प्रयोग करायला आल्यात. पाहुणे खालच्या वळणावर आलेत. आत्ता मी काय सांगू त्यांना, टीव्हीत पूर आला म्हणून परत जा?"

"निदान भोंगा वाजवू द्या."

"भोंगा कळ दाबल्यावर. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस बायका मरणार आणि हा माणूस पत्रिका दाखवतोय. मी मागं वळलो, केबिनमध्ये आलो आणि भोंग्याचं बटण दाबलं. दाबलं ते दाबूनच धरलं. एक बावीस झाले होते. मनात म्हटलं, नोकरी गेली तर गेली. भोंगा ऐकला की कुणी नदीकडं फिरकायचं नाही.

भोंगा बंद करून मी दुर्बीण लावली. पूल अजून रिकामा. जरा जिवात जीव आला.

मग वळणगल्लीतून एक बाई निघाली. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. तिच्यामागं दोघी. मग पाच. मग घराघरातून, जणू सगळ्याजणी दाराआड उभ्या राहून वाट बघत होत्या, तशा. आणि चालल्या होत्या सरळ नदीकडं.

"ह्या कुठं निघाल्या?" मी ओरडलोच. "भोंगा झालाय, बहिऱ्या झाल्या काय सगळ्या?"

मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात माझ्याआधी आलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, भोंग्याच्या आधी तर कुणीच बाहेर नव्हतं."

मला ते कळायला दोन श्वास लागले असतील. मग मी दुर्बीण टेबलावर टाकली. कलावतीला फोन लावला. वाजत राहिला. नदीवर जाताना बायका फोन नेतात थोडाच. सरपंचाला लावला, तो पाहुण्यांच्या गाडीत, फोन व्यस्त. मॅडम म्हणाल्या, "जा तुम्ही. मी इथून फोन लावत राहते." मी मोटरसायकलची किल्ली घेतली. दारात पोतनीस साहेब धापा टाकत येऊन पोचले होते. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. एक चोवीस.

उताराचा रस्ता, पाच वळणं. तिसऱ्या वळणावर पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. सात गाड्या, पहिलीवर दिवा, आणि अरुंद रस्त्यावर समोरून आलेला उसाचा रिकामा ट्रॅक्टर. कोण मागं जाणार यावर बोलणी चाललेली. मी कडेनं घुसायला गेलो तर एका हवालदारानं हँडल धरलं.

"गाड्या गेल्याशिवाय सोडायची ऑर्डर नाही."

"अहो, खाली पुलावर बायका आहेत. लोंढा येतोय."

"कुठाय लोंढा?"

आता ह्याला काय सांगावं? सात मिनिटांनी येणारा लोंढा ह्याला कुठून दाखवू? मी म्हटलं, "दादा, माझी बायको आहे तिथं." त्यानं माझ्याकडं बघितलं, गाड्यांकडं बघितलं, आणि म्हणाला, "माझी पण घरीच आहे जेवायची थांबून. सगळ्यांचं तेच आहे."

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी बंदुकीच्या बारासारखा, एक, दोन, तीन. ओंडके. मग जमिनीतून उठल्यासारखी घरघर. हवालदाराचा हात हँडलवरून सुटला. एक पंचवीस. पाणी पुलापर्यंत पोचायला सात मिनिटं घेतं, हे मला झोपेतही ठाऊक होतं.

मी मोटरसायकल तिथंच आडवी टाकली आणि उसात शिरलो. रस्ता वळसे घेतो, ऊस सरळ उतारावर आहे. पानांनी तोंड, हात, सगळं सोलून निघत होतं. एका ठिकाणी पाटात पाय गेला आणि चप्पल राहिली ती राहिली. डाव्या बाजूला, झाडीपलीकडं, ती घरघर माझ्याबरोबर खाली येत होती. माझ्यापेक्षा पुढं जाईल की मागं राहील, एवढंच मी ऐकत होतो.

उसातून बाहेर आलो तेव्हा एक एकोणतीस झाले होते. बायका पुलावर. तीच चाळीस, तीच ताटं. मध्यावर तीच.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला तानूआत्ती उभी होती, गावातली सगळ्यात थोरली. अशा कामात तिच्या शब्दापुढं कुणी जात नाही.

"आत्ती, सगळ्यांना बाहेर काढ. पाणी आलंय."

"येऊ दे की. त्याचसाठी तर आलोय." ती शांतपणे हळदीची पुडी सोडत होती. "आत्ताच तर भोंगा झालाय. दहा मिनिटं तुझा दरवाजा उघडत न्हाई, सात मिनिटं पाण्याला लागत्यात. सतरा मिनिटांत नदीची ओटी भरून हुती. आम्ही काय आज भरतोय व्हय?"

"आज तसं नाही, आत्ती. पाचर तुटलीय. दरवाजा आपोआप उघडलाय."

"तो हळूहळूच उघडतोय, धोंडीबा. मला शिकवतोस? तू धरणावर लागायच्या आधीपासनं मी हितं येतीया."

मी बाकीच्यांकडं वळलो. हात जोडले, ओरडलो. माझा अवतार बघून दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तोंडाला रक्त, एका पायात चप्पल, आणि म्हणतोय काय, तर पाणी येतंय. पाणी तर यायचंच होतं ना. त्यासाठी सकाळपासून उपाशी थांबल्या होत्या. खरं बोलून माझं काही चालेना. सांगावं ते सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि मी तिथं रडकुंडीला आलेला.

कलावती तोवर माझ्याजवळ आली होती. तिच्या हातात मानाचं ताट होतं. त्यात नारळ, खण, तांदूळ आणि घडी केलेली नवी साडी. गावानं मिळून नदीला द्यायची ती.

"काय ओ, काय झालंय? रक्त कशाचं?" तिनं विचारलं.

मी ते ताट तिच्या हातातून हिसकलं.

नारळ घरंगळून पाण्यात गेला. तांदूळ सांडले. मी ताट छातीशी धरलं आणि चढावर पळत सुटलो.

 मग तानूआत्ती ओरडली, "नदीची ओटी पळवली रं मेल्यानं." आणि चाळीस बायका माझ्यामागं. आयुष्यात मी तशा शिव्या ऐकल्या नाहीत. माझ्या आईचा, बापाचा, खात्याचा, सगळ्यांचा उद्धार. सत्तरीची तानूआत्ती सगळ्यांच्या पुढं. कुणाचा तरी नारळ माझ्या पाठीत बसला, तो ठणका पुढं दोन महिने होता. मी पळत होतो आणि मनात म्हणत होतो, मारा, पण वर या. वर या.

मारुतीच्या देवळाच्या चौथऱ्यावर चढलो आणि मागं वळलो. सगळ्या आल्या होत्या. एक सोडून.

कलावती पुलावर तिथंच उभी होती, हात रिकामे, माझ्याकडं बघत. तिला राग आलेला नव्हता. आपल्या नवऱ्याला वेड लागलंय की काय, ते ती बघत होती. एक हात कंबरेवर. पडद्यावर उभी होती तशीच.

मला ओरडायला दम नव्हता. छातीत नुसती भाता चालल्यासारखी धाप. चारचौघांत मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ते आमच्यात नाहीच.

"कला," मी म्हटलं. "ये ना गं."

तिला ऐकू गेलं असेल की नुसते ओठ दिसले, देव जाणे. तिनं पदर खोचला आणि चढाला लागली. पळाली नाही. चालत आली. ती चालत येत असताना माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. ती चिंचेच्या झाडापाशी पोचली आणि वळणावरून पाणी आलं. एकदम, भिंतीसारखं, मधोमध अख्खं झाड घेऊन. पूल एका दमात गेला. ज्या खांबावर मॅडमचं भिंग होतं तो पाण्यात थरथरत उभा राहिला.

शिव्या थांबल्या. तानूआत्ती माझ्या शर्टाची कॉलर धरून उभी होती, तिनं ती सोडली नाही, पण हिसडायची थांबली.

कलावती चौथऱ्यापाशी आली. माझ्या हातातून ताट घेतलं. साडीची घडी उलगडली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी ती साडी प्रवाहात सोडली. रुंद काठाची साडी. पूर्ण उलगडलेली, फेसातून सरळ वाहत गेली.

"काय बघताय असं?" तिनं विचारलं.

"हे मी बघितलंय," मी म्हटलं.

त्याला आता चौदा वर्षं झाली. चौकशी लागली ती माझी. एका टेबलामागं तीन अधिकारी बसले होते.

"भोंगा का वाजवला?"

"पुलावर बायका होत्या म्हणून."

"वाजवताना होत्या?"

"नव्हत्या."

"मग आल्या कशानं?"

"भोंग्यानं."

मधल्या अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि कारकुनाला म्हणाला, हे दोनदा लिहा, वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. मी मॅडमना साक्षीला बोलावलं. त्या आल्या, सगळं सांगितलं. मग त्यांना एकच प्रश्न: पडद्यावर बायका बुडताना दिसल्या का? नाही. प्रत्यक्षात बुडाल्या का? नाही. मग यंत्रानं सांगितलं तरी काय? मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. यंत्र गाडीत घालून घेऊन गेले. पाचरीबद्दल कुणी विचारलं नाही. ओंडके वाहून गेले होते. माझी बदली गोदामावर झाली, नटबोल्ट मोजायला. आणि गावात मी आजतागायत ओटीचोर. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी कुणीतरी म्हणतंच, ताट सांभाळा, धोंडीबा आलाय.

त्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते त्याच संध्याकाळचं. कलावती चुलीपुढं बसली होती, माझ्या पाठीला हळद लावून झाली होती. तिनं विचारलं, "त्या यंत्रात मी होते?"

"होतीस. साडीवरनं ओळखलं. मग ती साडी एकटीच वाहताना दिसली."

"ती नदीची. दोन जोडीच्या घेतल्या, एक मला, एक नदीला. तुम्ही होता की बाजारात. बाहेर गाडीवर बसला हुता."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"एकोणीस वर्षं झाली," ती भाकरी थापता थापता म्हणाली. आवाज चढवला नाही. "दरवर्षी पहिला भोंगा झाला की संध्याकाळी मी तुम्हाला सांगते, नदीची ओटी भरून आले. तुम्ही हुं म्हणता. कधी भरली, कुठं उभं राहून भरली, एकदा तरी विचारलंत?"

"मी त्या वेळेला धरणावर असतो."

"धरणावरनं घरी येता की."

बाहेर नदीचा आवाज घरात भरून राहिला होता. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"ठाऊक असतं तर भोंगा वाजवला असता?"

"नसता."

तिनं भाकरी माझ्या ताटात घातली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"मग आता विचारा."

मी विचारलं. ती अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली, आधी कुठली बाई ताट उचलते, कुणाच्या घरचा खण असतो, पाण्यात कुठं तोंड करून उभं राहायचं. भाकरी गार होऊन गेली तरी सांगत होती.